माप न घेता

१

दुकान नऊला उघडायचं. शटर वर गेलं की बाबा मशीनला तेल द्यायचे, आई खिडकीपाशी काज-बटणांचा डबा मांडीवर घेऊन बसायची आणि टाचणी आदल्या दिवशीचे कपडे उसवायला घ्यायची. नवे कपडे शिवणं तिथे केव्हाच बंद झालं होतं. लोक तयार कपडे घेतात, ते अंगाला बसत नाहीत, मग तोंड वाकडं करून इथे येतात. पँट आखूड करा, कंबर सैल करा, बाही वर घ्या. बाबांना अख्खी गल्ली मास्तर म्हणायची. पोरीला टाचणी म्हणायची, कारण ती बारीक होती, ताठ होती आणि कुठूनही धरली तरी टोचायची. वय एकवीस. कॉलेज अर्धवट सोडलेलं. त्यावर घरात रोज एकदा तरी उसासा निघायचा, बहुतेक जेवताना.

त्या दिवशी साडेनऊला वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. दोन आठवड्यांपूर्वीच राहायला आल्या होत्या, एकट्या. आवाज मऊ, चपला मऊ, हात तर शंभरदा धुतलेल्या सुती कापडासारखे. टाचणीने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव मऊबाई ठेवून टाकलं होतं.

"मास्तर, हा कोट घरात नुसता पडून होता," मऊबाई म्हणाल्या. "तुम्हाला घ्या."

"आल्टर करायचाय?"

"छे. तुम्हाला वापरायला. थंडी सुरू झाली ना."

"किती द्यायचे?" टाचणीने विचारलं.

मऊबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं लहान मूल अडखळलं की बघतात तसं. "काही नाही गं. असंच." आणि गेल्या. जिन्यावर पावलं वाजली नाहीत.

कोट लोकरीचा होता. हातशिलाई अशी, की बाबांनी चष्मा पुसून दोनदा पाहिली. मग घालून आरशासमोर उभे राहिले. छाती बरोबर. उंची बरोबर. पाठ तर अंगावर ओतल्यासारखी. फक्त उजवा खांदा बसेना. त्या बाजूचा खांदा चांगला सव्वा इंच खाली उतरता कापलेला होता.

"कुणा वाकड्या माणसाचा असणार," बाबा हसले. "उसवून घेऊ."

टाचणीने अस्तर उलटून पाहिलं. कुठलाही शिंपी टिपेच्या बाहेर थोडं कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. उद्या माणूस सुटला, वाकला, तर उसवून मागेपुढे करता यावं म्हणून. या कोटात माया कुठेच नव्हती. कापड टिपेला लागून कापलेलं होतं. शिवणाऱ्याला जणू खात्रीच होती की यात पुढे काही बदलावं लागणार नाही.

"बाबा, हा परत द्या."

"का? चोरीचा आहे?"

"ओळख ना पाळख. कोण देतं असं?"

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," बाबा बटण लावत म्हणाले. "तू मात्र दुसरा डोळा कुणाचा काढला ते विचारत बस."

२

फुकट या शब्दाची टाचणीला शिसारी होती, आणि ती उगाच नव्हती.

कॉलेजसाठी दोन वर्षं ती काकांकडे राहिली होती. "आपलंच घर आहे, एक पैसा द्यायचा नाही," असं काका चारचौघांत म्हणाले आणि आईने पदराने डोळे टिपले. मग काकूंची भांडी आली. मग चुलतभावांचा अभ्यास आला. मग प्रत्येक पाहुण्यासमोर "हिला आम्ही ठेवून घेतलंय" हे वाक्य आलं, आणि पाहुणे मान हलवून काकांच्या मोठ्या मनाचं कौतुक करायचे. परीक्षेच्या सकाळी तिने धुणं धुवायला नकार दिला, तेव्हा काका म्हणाले, "आमचं मीठ खाऊन आम्हालाच डोळे दाखवतेस?" ती त्याच दिवशी बॅग उचलून परत आली. बाबांनी बाजू घेतली ती काकांचीच. म्हाताऱ्यांचं मोठं मन असंच असतं. आत गेलात की बाहेरून कडी लागते.

म्हणून तिने मऊबाईंवर नजर ठेवली. आज ना उद्या या बाई काहीतरी मागणारच. फुकटात साडीला फॉल लावून मागतील, पाहुण्यांसाठी सतरंजी मागतील, गेला बाजार तासभर बसून आपलं रडगाणं तरी ऐकवतील. एक आठवडा गेला, दुसरा गेला. बाईंनी साधा हूक लावून घेतला नाही. येता-जाता काचेतून आत बघायच्या, हसायच्या, निघून जायच्या.

बाबा कोट घालूनच बसू लागले. खांदा उसवायचं राहूनच गेलं. माया नसताना उसवून तरी काय करणार?

३

तिसऱ्या आठवड्यात आईसाठी हातमोजे आले. मऊ कातड्याचे, आतून लोकर. आईने हरखून हात घातले आणि मग उजवा हात डोळ्यांसमोर धरला.

"अय्या. ही दोन बोटं आखूड आहेत."

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. निम्मीच होती. फाटलेली नाहीत, कापलेली नाहीत. टोकाला गोल वळवून, बाकीच्या बोटांइतक्याच निगुतीने शिवलेली. आईची खरी बोटं आत मुडपून बसली होती.

"टाकून दे," टाचणी म्हणाली.

"टाकून काय दे! धर्माची गाय आणि दात का नाही, असं विचारायचं नसतं. बिघडलेला माल असेल, म्हणून दिला. चांगलं फुकटात कोण देतं?"

"तेच म्हणतेय मी."

"तू सगळ्यातच तेच म्हणतेस." आईने मोजे छातीशी धरले. "तीस वर्षं या खिडकीत बसून काजं केली. हात गारठले का, असं कुणी विचारलं? तुझ्या बापाने? तू?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. या बाईंनीही विचारलं नव्हतं म्हणा. त्यांना आधीच माहीत होतं.

आई सकाळी दुकानात येताना मोजे घालायची, संध्याकाळी परत जाताना घालायची. मधल्या वेळी तिचे हात सुई धरायचे. पंधरा दिवसांनी सुई पडू लागली. उजवी करंगळी आत वळली होती आणि शेजारचं बोट तिच्या मागे निघालं होतं. डॉक्टरने हात दाबून पाहिला आणि म्हणाला, सुईकाम, थंडी, वय. गोळ्या दिल्या. तिन्ही कारणं बरोबर होती. टाचणीने ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितली, आणि प्रत्येक वेळी ती तितकीच बरोबर वाटली. चुकत कुठेच नव्हतं, हीच पंचाईत होती.

४

टाचणीचा मापाला हात बसावा म्हणून बाबा दर थंडीच्या सुरुवातीला तिच्याकडून आपलं माप घेऊन घ्यायचे. वहीत आकडे होते. यंदाचा तर कोट यायच्या दोन दिवस आधीचा होता. दोन्ही खांद्यांचा उतार सारखा.

"उभे राहा," एका सकाळी ती टेप घेऊन म्हणाली.

"परत? गिऱ्हाईक यायची वेळ झाली."

"उभे राहा म्हणते ना."

जमिनीपासून डावा खांदा. जमिनीपासून उजवा. तिने टेप सोडला, परत धरला, परत मोजलं. उजवा खांदा सव्वा इंच खाली होता. कोट त्यावर असा बसला होता, की एक सुरकुती दाखवा आणि बक्षीस घेऊन जा.

"बाबा, कोट काढा."

"चाळीस वर्षं उजव्या हाताने चाक फिरवलं. खांदा उतरणार नाही तर काय चढणार?"

"दीड महिन्यात?"

"तू मोजायला चुकली असशील तेव्हा." बाबा आरशात बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. "बघ कसा बसलाय. मी आयुष्यात असा एक कोट शिवला नाही."

त्याच दुपारी समोरचा घड्याळवाला आला. मऊबाईंनी त्यालाही एक पँट दिली होती. पँटचा डावा पाय दोन इंच आखूड, म्हणून तो ती महिन्यापूर्वी इथे घेऊन आला होता. खाली सोडायला कापड नव्हतं, बाबांनी परत दिली होती. आज तो ती घालूनच आला, काउंटरला धरून धरून.

"काय झालं हो पायाला?" आईने विचारलं.

"शिडीवरून घसरलो. फार काही नाही, खुबा जरा वर सरकलाय म्हणतात." तो मोठ्या आरशासमोर गेला आणि खूश होऊन खाली बोट दाखवलं. "पण मास्तर, तुम्हाला जमलं नाही ते आपोआप झालं! बघा, बसली!"

पँटच्या दोन्ही कडा दोन्ही बुटांवर बरोबर टेकल्या होत्या. बाबांनी टाळी दिली. दोन म्हातारे आरशासमोर उभे राहून हसत होते, एक डावीकडे कललेला, एक उजवीकडे. या दुकानात आजवर कापड माणसाला बसवत आले होते, टाचणीच्या मनात आलं. पुढचा विचार तिने केला नाही. केला असता तर तिथेच ओरडली असती.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा खिडकीतच डोळा लागला, तेव्हा टाचणी मोजे घेऊन वर गेली. दार उघडं होतं.

एकच खोली. फरशी इतकी स्वच्छ, की पाय ठेवायला नको वाटावं. एक टेबल, एक खुर्ची, पडदा नसलेली खिडकी. तिची नजर सवयीने मशीन शोधू लागली. मशीन नव्हतं. कात्री नव्हती, टेप नव्हता, दोऱ्याचं साधं रीळ नव्हतं. भिंतीवर मात्र खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीवर कपडे, पाठ खोलीकडे करून टांगलेले. माणसांना भिंतीकडे तोंड करून उभं करावं तसे.

"ये ना. बस," मऊबाई म्हणाल्या. "दमलीस."

तिला बसायचं नव्हतं, तरी ती बसली. खुर्चीची पाठ तिच्या मधल्या मणक्याला बरोबर त्या जागी टेकली, जिथे वाकून उसवताना कळ यायची. कळ थांबली. ती ताडकन उठली.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"मला? काही नाही."

"असं नसतं. सरळ सांगा. मी तुमच्याकडे कामाला येते. झाडलोट करते, स्वयंपाक करते, काय म्हणाल ते. आईचा हात सोडा."

मऊबाई खरोखरच गोंधळल्या. टाचणीने आयुष्यात खोटारडी माणसं पोत्याने पाहिली होती. हा चेहरा खोटारडा नव्हता. "पण मला काहीच नकोय गं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बरं वाटावं, एवढंच."

काका परवडले, असं टाचणीला त्या क्षणी वाटलं. काकांना काहीतरी हवं होतं. ज्याला काही हवं असतं त्याच्याशी भांडता येतं, त्याला नाही म्हणता येतं, त्याच्या तोंडावर बॅग उचलून निघून जाता येतं. हिच्याशी काय करायचं?

तेवढ्यात तिची नजर शेवटच्या खुंटीवर गेली. एक लांब, पांढरा गाऊन. पुढून एकही उघडी बाजू नाही. मागून मानेपासून टाचेपर्यंत पूर्ण उघडा, बांधायला नाड्या. असे कपडे तिने शिवले होते, एका पडून असलेल्या आजारी गिऱ्हाइकासाठी. ज्याला स्वतःहून हात उचलता येत नाही, त्याच्या अंगावर दुसऱ्याने चढवायचे कपडे. तिने नुसत्या डोळ्यांनी खांदा मापला, उंची मापली. आईची सगळी मापं तिला पाठ होती.

"तो कुणाचा?"

"अजून तयार नाहीये ती," मऊबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी टाचणीच्या मुठीकडे पाहिलं. "मोजे तुझ्या आईचे आहेत ना? तिला विचारून आणलेस?"

६

तिने तीन दिवस लावून स्वतः हातमोजे शिवले. स्वतःच्या जाकिटासाठी दोन वर्षं जपून ठेवलेलं कापड कापलं. दहाही बोटं पूर्ण लांबीची, आणि आतून माया इतकी सोडलेली, की एरवी बाबांनी नासाडी म्हणून कानाखाली काढली असती. चौथ्या सकाळी, बाबा तेल देत असताना, तिने ते आईच्या मांडीवर ठेवले.

आईने मोजे पाहिले. मग तिला पाहिलं. मग परत मोजे पाहिले.

"काय पाहिजे तुला?"

"काही नाही. घाल."

"कॉलेजला परत जायचंय?"

"नाही."

"मग कुणी मुलगा आहे का? आधीच सांगते, तुझ्या बापाला तू सांगायचं."

"अगं आई, नुसते हातमोजे आहेत!"

"पाच वर्षांत तू मला पाण्याचा पेला आणून दिला नाहीस," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, सावधपणा होता. टाचणीला तो आवाज ओळखीचा वाटला. तो तिचा स्वतःचाच होता. "आज एकदम हातमोजे?"

"फुकट काही मिळत नसतं, हे आम्हाला कोण शिकवतं रोज?" बाबा मशीनवरून म्हणाले. त्यांना फार मजा वाटत होती.

शेवटी आईने उजवा हात घातला. करंगळी आणि शेजारचं बोट रिकामं लोंबत राहिलं, वाळत घातलेल्या पिशवीसारखं. टाचणीने ते चिमटीत धरलं. बोट वळलेलं असतं तर आत गाठ लागली असती. गाठ नव्हती. पहिल्या पेरानंतर आत नुसतं कापड होतं.

"आई, तुझी बोटं..."

"आखडलीत थंडीने." आईने हात ओढून पदराखाली घेतला.

"आखडलीत? आई, ती तिथे नाहीयेत!"

"वय झालं की माणूस आखडतोच," बाबा म्हणाले. मात्र ते मान वर करून बघत नव्हते, आणि मशीन थांबलं होतं. "माप चुकलंय तुझं. परत घे."

हे खोटं आहे, हे तिघांनाही माहीत होतं. दोघं म्हातारे मात्र काहीच झालं नसल्यासारखे बसले होते, कारण झालंय म्हटलं तर कोट काढावा लागणार होता.

"हे नसतील घालायचे तर नको," टाचणी म्हणाली. "पण त्यांचे तरी काढून टाक. माझ्यासाठी."

"तू कधी कुणाचं काही प्रेमाने घेतलंस, की मी तुझं घेऊ?" आई म्हणाली. "बाईंनी तुझ्यासाठीही काल एक पुडकं दिलंय. तू फाडून फेकशील म्हणून मी सांगितलं नाही. ते घे, नीट घाल. मग मी तुझे मोजे घालते. आयुष्यभर घालते. बोल."

७

पुडकं काज-बटणांच्या डब्याखाली होतं. खाकी कागद, दोरी. टाचणीने हातात घेतलं आणि तिला आधी वजनाचा अर्थच लागेना. तळहातावर मावत होतं. ती बारीक होती, पण उंचीने पाच फूट सहा इंच होती. तळहातावर मावेल असं काय घालायचं असतं? रुमाल असेल. गळपट्टा असेल. डोकं पटापट बरी उत्तरं शोधू लागलं. बोटं मात्र दोरीला लागेनात.

"सोड की," बाबा म्हणाले.

तिने आईच्या पदराकडे पाहिलं. ज्या हाताने बोट धरून शाळेत सोडलं, ज्या हाताने दोन चापट्या मारल्या आणि दोनशे सदऱ्यांची काजं एका आठवड्यात केली, तो हात पदराखाली होता आणि बाहेर यायला लाजत होता. तो पुढे किती आखडेल, हे तिने खुंटीवर पाहिलेलं होतं.

तिने दोरी ओढली. गाठ सुटेना.

"आण इकडे," आई म्हणाली. "साधी गाठ सुटत नाही आणि म्हणे शिंप्याची पोर."

आईने डाव्या हाताने पुडकं घेतलं, दात लावून दोरी सोडली आणि कागदाची एक कड उचलून आत पाहिलं. टाचणीला दिसली ती फक्त कापडाची एक घडी, पांढरी, आणि एक बटण, तांदळाच्या दाण्याएवढं.

आईने कड खाली केली. समोरच्या दुकानात घड्याळांचे ठोके पडले, एकामागून एक, कुणाचेच एका वेळी नाहीत. आईने टाचणीकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. ती माप घेताना बघायची तसंच. मग तिने पुडकं पोटाशी धरलं.

"हे तुझं नाही," ती म्हणाली. "बाईंची काहीतरी गफलत झालीय. हे माझं आहे."

"आई, बघू दे."

"माझं आहे म्हटलं ना! मी घालते. तुला नाही द्यायचं."

आणि टाचणीच्या मनात पहिल्यांदा काय यावं? हिला यातून काय मिळवायचंय, हेच आलं. सवयच ती. असा काय भारी कपडा आहे, की पोटच्या पोरीलाही दाखवत नाही? तो विचार पूर्ण व्हायला दोन श्वास लागले, आणि तेवढ्यात आई उठून ट्रायल रूमच्या पडद्याआड गेली होती.

"बाबा, तिला थांबवा!"

बाबा उठले. उजवा खांदा घेऊन उठले, काउंटरच्या कोपऱ्यापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. कात्री हातात होती. ती घेऊन कुठे जायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

आतून कागदाचा आवाज आला. मग कापडाचा. मग बटणांचा, बारीक, भराभर, एकामागून एक. आईला आठवड्याभरात स्वतःचं एक बटण धड लावता आलं नव्हतं.

टाचणीने पडदा ओढला.

आत आरसा होता, खुंटीवर आईची साडी होती आणि गिऱ्हाइकांनी बूट काढायला ठेवलेलं बुटकं स्टूल होतं. वीतभर उंचीचं. त्यावर आई बसली होती, पाठमोरी. कपडा तिला बरोबर बसला होता. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"पडदा लाव," आई म्हणाली. "गिऱ्हाईक येईल."